रंगाचा डबा इतक्यात उघडू नका

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका आणि त्यांचे यजमान १९ वर्षं राहिलेलं घर विकून मुलीच्या जवळ, लहान घरात जायचं म्हणतात. सध्या शरद ऋतू चालू आहे. वसंतात घरांना मागणी असते, म्हणून मार्चच्या सुमारास घर विक्रीला काढायचं यावर दोघांचं एकमत आहे. मतभेद आहेत ते तयारीवरून. बाईंना आत्ताच कामाला लागायचं आहे: स्वयंपाकघर नवं, न्हाणीघर नवं, घरभर पांढरा रंग. यजमानांचं म्हणणं, "शेवटच्या महिन्यात बघू, आत्तापासून काय?" मागच्या बाजूच्या खोलीत सासूबाई राहायच्या. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून खोली बंदच असते, तिथलं हीटिंगही बंद. त्या खोलीच्या भिंतीवर ओलीचा डाग आहे; तो रंगाखाली झाकला तर चालेल का, असं त्या विचारतात. शेजारचं घर गेल्या वसंतात चांगल्या किमतीला गेलं आणि आपलं घर त्याहून नीटनेटकं आहे, तेव्हा आपल्याला त्याहून जास्त मिळायला हवेत, असा त्यांचा हिशेब. पत्राचा शेवट असा: "मी उगाच घाई करते आहे, की यांचाच आळस आहे?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तुमची घाई नाही आणि त्यांचा आळसही नाही. पाच-सहा महिने आधी हालचाल सुरू करावी हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. फक्त तुमची यादी उलटी झाली आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, रंग ही सगळी येणाऱ्याच्या नजरेत भरणारी कामं. आत्ता हात घालायचा तो नजरेआडच्या गोष्टींना: छपराला, पन्हळीला, ओलीला, कागदपत्रांना आणि कपाटांत वर्षानुवर्षं साठलेल्या सामानाला. रंगरंगोटी सहा आठवड्यांत आरामात उरकते. ओल कुठून येते हे सहा आठवड्यांत कळेलच, असं कोणी सांगू शकत नाही.

यजमानांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. आत्ता घरभर पांढरा रंग काढलात, तर मार्चपर्यंत तुम्हाला स्वतःच्याच घरात अंग चोरून वावरावं लागेल. दिव्यांच्या बटणांभोवती बोटांचे डाग पडतील, खुर्चीच्या पाठीने भिंतीवर रेघ उमटेल, आणि फेब्रुवारीत रंगाऱ्याला पुन्हा बोलवावं लागेल. "आधीपासून तयारी" म्हणजे सहा महिने घराचं प्रदर्शन मांडून बसणं, असं त्यांना वाटत असेल तर ते दिवस पुढे ढकलणारच. त्यांना सांगून बघा की फेब्रुवारीपर्यंत घराच्या रूपाला कोणी हात लावणार नाही. निम्मा वाद तिथेच मिटेल.

आता वसंताबद्दल. तो तुम्ही दोघांनीही गृहीत धरला आहे, म्हणून जरा थांबते. वसंत-उन्हाळ्यात घरं जास्त विकली जातात आणि भावही चढे असतात, हा काही एजंटांनी उठवलेला समज नाही. रेचल न्गाई आणि सिल्वाना तेनरेरो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या व्यवहारांचा अभ्यास करून २०१४ साली तो मांडला आहे. त्यांचं स्पष्टीकरण साधं आहे. त्या दिवसांत विकणारे आणि घेणारे दोघेही मोठ्या संख्येने बाजारात असतात, त्यामुळे ज्याला जसं घर हवं तसं सापडण्याची शक्यता वाढते. आणि मनासारखं घर सापडलं की माणूस चार पैसे जास्त मोजायला तयार होतो. त्यात दिवस मोठा झालेला असतो, कामावरून सुटल्यावरही उजेडात घर बघता येतं. शाळेचं वर्ष संपल्यावर मुक्काम हलवायचा, हा मुलाबाळांच्या घरांतला हिशेबही असतोच. (दक्षिण गोलार्धातल्या वाचकांनी हे सगळं सप्टेंबर ते नोव्हेंबर असं वाचावं.)

पण घेणाऱ्यांबरोबर विकणारेही वाढतात, हे विसरू नका. तुमच्या घराची जाहिरात लागेल त्याच आठवड्यात आसपासच्या घरांच्याही लागतील, आणि बघायला येणारा माणूस एका शनिवारी सगळी घरं पायाखाली घालेल. वसंत गिऱ्हाईक दारापर्यंत आणतो, पुढचं काम घराने करायचं असतं. दुसरं असं की तुम्ही विकणार आहात त्याच बाजारात घेणारही आहात. भाव चढे असले तर ते दोन्हीकडे चढे. तुम्ही मोठं विकून लहान घेताय, म्हणून वरचा फरक तुमच्या पदरात पडेल. लहान विकून मोठं घेणाऱ्यांना मात्र हाच वसंत महागात जातो; त्यांना एरवीच्या मंद दिवसांतला व्यवहार एकंदरीत स्वस्त पडू शकतो. "वसंतात विकावं" हा सल्ला सरसकट सगळ्यांच्या सोयीचा नाही.

म्हणून मार्चचा हट्टही धरू नका. घर फेब्रुवारीच्या मध्याला तयार झालं तर गर्दी व्हायच्या आत बाजारात आणायला हरकत नाही, आणि तयार झालं नाही तर एप्रिलपर्यंत थांबायलाही नाही. अर्धवट तयारीने केवळ तारीख पाळायची म्हणून जाहिरात टाकू नका. नवी जाहिरात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त बघितली जाते. नंतर तीच जाहिरात दिसत राहिली की लोक घरात काय खोट आहे ते शोधू लागतात.

आता त्या डागाकडे येऊ. पत्रात तुम्ही त्याला एकच ओळ दिली आहे, मी मात्र त्यावर बरीच शाई खर्च करणार आहे.

नाही, रंगाखाली झाकू नका. डाग अडवणारा प्रायमर मिळतो, त्यावर दोन हात रंग मारला की डाग काही दिवस दिसेनासा होतो, हे खरं. पण ओल आतच राहते, आणि पुढच्या पावसात रंगाला फुगा धरतो. खरेदीदाराने घर तपासायला नेमलेला माणूस ओल मोजायचं यंत्र खिशात घेऊनच येतो. जुन्या खोलीत एकच कोपरा ताज्या रंगाचा दिसला की यंत्र तो आधी तिथेच टेकवतो. त्यानंतर तुमच्या घरातल्या बाकीच्या अकरा चांगल्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. शिवाय बऱ्याच देशांत, माहीत असलेला दोष लपवून घर विकलं तर खरेदीदार नंतर भरपाई मागू शकतो. हे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेव्हा विक्रेत्याने काय काय सांगणं बंधनकारक आहे, हे व्यवहार बघणाऱ्या वकिलाला आत्ताच विचारून ठेवा.

ओल मुख्यतः तीन वाटांनी येते आणि तिन्हींचा खर्च एकमेकांपासून फार वेगळा असतो. छपरातून, पन्हळीतून किंवा भिंतीतल्या एखाद्या नळातून पाणी झिरपत असेल तर डाग बहुधा वरच्या बाजूला असतो, कडा तपकिरी असतात आणि पाऊस झाला की तो पसरतो; नळ गळत असेल तर पावसाशी संबंध न ठेवता वाढतो. जमिनीतून ओल चढत असेल तर ती खालून वर येते, साधारण मीटरभर उंचीपर्यंत. वरच्या कडेला पांढरा लोणा फुटतो आणि गिलावा हात लावला की भुसभुशीत लागतो. तिसरी वाट घरातल्याच दमट हवेची. ही हवा थंड भिंतीला टेकली की तिचं पाणी होतं. मग कोपऱ्यांत, कपाटामागे, खिडकीच्या चौकटीजवळ काळ्या ठिपक्यांची बुरशी धरते.

तुमची खोली दोन वर्षं बंद आहे, हीटिंग बंद आहे. मला पहिला संशय या तिसऱ्या वाटेचा येतो. पण संशयावर पैसे खर्च करायचे नसतात, म्हणून आधी एवढं करा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि तिथेच तारीख लिहा. दर मुसळधार पावसानंतर जाऊन बघा. डाग रेघेबाहेर गेला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. दरम्यान डागाचा थोडा भाग हेअर ड्रायरने वरवर कोरडा करून त्यावर वीतभर लांबी-रुंदीचा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दंव धरलं असेल तर ओल हवेतली आहे. भिंतीकडच्या बाजूवर असेल तर भिंतीतून येते आहे. हा काही प्रयोगशाळेतला निकाल नव्हे, पण कोणत्या कारागिराला आधी बोलवायचं एवढं त्यातून ठरतं. आणि एकदा चांगला पाऊस कोसळत असताना छत्री घेऊन घराच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहा. पन्हळ कुठे भरून वाहते, पाणी भिंतीवरून कुठे ओघळतं, हे त्या पाच मिनिटांत जितकं दिसतं तितकं कोरड्या दिवशी शिडी लावूनही दिसत नाही. झाडांची पानं गळून पन्हळीत अडकायचा हाच हंगाम आहे. कित्येक घरांत दोष फक्त तेवढाच निघतो.

हवेतली ओल असेल तर खोलीचं दार उघडं ठेवणं, थोडं हीटिंग रोज चालू ठेवणं, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढणं आणि बुरशी नीट पुसून काढणं यावर बहुतेक काम भागतं. भिंतीत पाणी मुरलेलं असेल तर कारण दूर केल्यावरही भिंत वाळायला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. ओल्या गिलाव्यावर रंग बसत नाही. आधी सुरुवात करायची ती या महिन्यांसाठी. दुरुस्ती झाली की पावती, कारागिराने दिलेली हमी असली तर ती, आणि आधीचे-नंतरचे फोटो एका पाकिटात ठेवा आणि खरेदीदाराने विचारायची वाट न बघता दाखवा. खर्च आवाक्याबाहेरचा निघाला, तर दोन कारागिरांकडून लेखी अंदाज घ्या, दोष उघड सांगा आणि तेवढी किंमत कमी धरा. तो मार्गही चालतो. जानेवारीअखेर यांपैकी एक ठरलेलं असावं, एवढंच.

"रंग शेवटी" याला एक अपवाद आहे, तो घराच्या बाहेरच्या बाजूचा. पाण्याच्या आधाराचे (तेलाचे नव्हेत असे) बहुतेक बाहेरचे रंग साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली नीट धरत नाहीत. डब्यावर किमान तापमान लिहिलेलं असतं, ते वाचा. बाहेरचं दार, खिडक्यांच्या चौकटी, कुंपण रंगवायचं असेल तर थंडी पडायच्या आत उरकून घ्या. मार्चच्या सुरुवातीला तसे दिवस मिळतीलच असं नाही. बागेचंही तेच. ट्यूलिप आणि डॅफोडिल यांच्या कंदांना फुलण्यासाठी काही आठवड्यांची थंडी लागते, म्हणून ते आत्ताच मातीत जायला हवेत; मार्चमध्ये मनात आलं तर मग कुंड्या विकत आणण्यावाचून गत्यंतर नाही. आणि अंगणातलं झाड अजून पानांनी भरलेलं असेल तर या रविवारी ऊन पडल्यावर घराचे बाहेरून फोटो काढून ठेवा. मार्चमधल्या उघड्या फांद्यांच्या फोटोशेजारी "शरदातलं अंगण" असं लिहून ते लावता येतील. घर बघायला येणाऱ्याला वर्षातला एकच दिवस दिसतो, बाकीचं वर्ष त्याला तुम्ही दाखवायचं.

स्वयंपाकघराबद्दल मी तुमच्या विरुद्ध आहे. विकण्यासाठी म्हणून नवं स्वयंपाकघर करणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नासाठी आपल्या आवडीचा शालू घेणं. घालणारीला रंग पसंत पडेल याचा भरवसा नाही आणि पैसे मात्र आपले गेलेले. अमेरिकेत कोणत्या दुरुस्तीचा किती खर्च विक्रीत वसूल होतो याचे आडाखे दरवर्षी मांडले जातात. त्यांत किरकोळ डागडुजी केलेलं स्वयंपाकघर आणि संपूर्ण बदललेलं उंची स्वयंपाकघर अशी तुलना असते, आणि खर्चाच्या मानाने वसुली वर्षानुवर्षं पहिल्याचीच जास्त दिसते. यादीच्या वरच्या टोकाला तर गॅरेजचं दार आणि घराचं मुख्य दार बदलणं यांसारखी कामं असतात. तुमच्या स्वयंपाकघराची कपाटं धड असतील तर ती राहू द्या. सैल बिजागऱ्या घट्ट करा, मुठी बदला, ओट्यामागच्या फरशांच्या सांध्यांतला काळपटपणा काढा, थेंबथेंब गळणारा नळ दुरुस्त करा. न्हाणीघरात टबच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन खरवडून काढून नवीन भरा. भरल्यावर साधारण दिवसभर तिथे पाणी लागू देऊ नका. एवढं केल्यावरही हातात पैसे उरले तर ते छपरावर घाला. मोडकळीला आलेलं, वापरताच न येण्यासारखं स्वयंपाकघर असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते काम कंटाळवाणं असलं तरी अवघड नाही. मालकीचे कागद, कर्ज शिल्लक असेल तर बँकेकडून बाकीचा आकडा आणि मुदतीआधी फेडल्यास दंड लागतो का हे, हीटिंग आणि वायरिंगच्या तपासण्यांचे दाखले, बसवलेल्या यंत्रांच्या हमीची कागदपत्रं. तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की घराची मागची बाजू तुम्ही नंतर वाढवून घेतलीत. त्या बांधकामाची परवानगी आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला दोन्ही हातात आहेत का, हे आजच बघा. नसेल तर प्रत काढायला किंवा राहून गेलेली परवानगी नियमित करून घ्यायला कार्यालयं किती वेळ घेतील ते तुमच्या हातात नसतं. ठरलेले व्यवहार रंगावरून फिसकटल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. एका हरवलेल्या दाखल्यावरून महिना-महिना रखडल्याचं बरंच ऐकलं आहे. मालकीत भावंडांची नावं असलेल्या वाचकांनी तर सगळ्यांच्या सह्या कोण, कधी, कुठून करणार हे जाहिरातीच्या कितीतरी आधी ठरवून घ्यावं.

आता खोलीबद्दल, आणि तुमच्या यजमानांबद्दल.

तुमच्या पत्रात त्यांच्या "शेवटच्या महिन्यात बघू"चा राग दिसतो. मला पत्र वाचताना वेगळंच जाणवलं. बाकीच्या घरात काय काय करायचं याची तुमच्याकडे भरगच्च यादी आहे. त्या खोलीबद्दल यादीत फक्त डाग आहे. तिथली पलंगाशेजारची पेटी, कपाटातल्या साड्या, औषधांचा डबा यांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि तेही बोलत नसावेत. घर आवरायचं म्हणजे शेवटी आईची खोली रिकामी करायची, हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं असेल. मग आवरणंच लांबवलेलं बरं, असं त्यांना वाटलं तर मला नवल नाही. मी चुकतही असेन. कदाचित त्यांना खरंच रंगाच्या वासाचा कंटाळा असेल. तुम्ही विचारा. पण विक्रीचा विषय काढून विचारू नका, आणि डाग दाखवूनही विचारू नका.

दोन गोष्टी मात्र नक्की करू नका. ते बाहेर गेलेले असताना खोली आवरून टाकू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. आणि आवरायची सुरुवातही त्या खोलीपासून करू नका. माळ्यापासून करा, बागेच्या अवजारांपासून करा, वीस वर्षांच्या बिलांपासून करा. ज्यांच्यावर कोणाचा जीव नाही अशा वस्तूंवर आधी हात बसू दे. मुलीच्या जुन्या वस्तूंसाठी तिला तारीख द्या: अमुक दिवसापर्यंत घेऊन जा, नाहीतर आम्ही ठरवू. मुलांच्या पुस्तकांचं आणि चषकांचं गोदाम आईवडिलांनी फुकट चालवायचं, हा रिवाज कधीतरी बंद व्हायला हवा. खोलीचा दिवस यजमानांनी ठरवावा, फक्त तो थंडी संपायच्या आतला असावा. त्या दिवशी त्यांनी हाक मारली तर तुम्ही सोबत असा. नव्या घरात किती जागा आहे ते आधी मोजून घ्या, म्हणजे "हे न्यायचं का?" या प्रश्नाला निदान काही वस्तूंच्या बाबतीत टेपच उत्तर देईल. सगळं टाकायचं नाहीये. एक कपाट ठेवायचं ठरलं की बाकीच्यांना निरोप देणं सोपं जातं, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

घर बघायला येणारे लोक कपाटं उघडतात, याची मनाची तयारी ठेवा. त्यांना तुमचे कपडे बघायचे नसतात, जागा पुरेल का ते बघायचं असतं. कपाट ठासून भरलेलं असेल तर ते म्हणतात, या घरात सामान मावत नाही. म्हणून आवराआवर फक्त दिवाणखान्यात करून सामान कपाटांत कोंबलंत तर उपयोग शून्य. लहान फ्लॅट विकणाऱ्यांना तर हे जास्तच लागू आहे.

मग येतात शेवटचे सहा आठवडे, तुमचे लाडके. आतला रंग या टप्प्यात. पांढराच हवा असं नाही. हलका, उबदार, सगळ्या खोल्यांत एकमेकांशी जुळणारा असला की झालं. खिडक्या आतून-बाहेरून स्वच्छ करा आणि सकाळी नऊच्या उन्हात तपासा. वसंताच्या सुरुवातीला सूर्य अजून खालून येतो, तिरपं ऊन थेट काचेतून जमिनीवर पसरतं आणि फडक्याचा प्रत्येक फराटा, कोपऱ्यातलं प्रत्येक जाळं दाखवतं. एका खोलीत पिवळा दिवा आणि शेजारी निळसर पांढरा, असं बहुतेक घरांत असतंच; सगळे दिवे एकाच छटेचे करा, उबदार पिवळसर छटेसाठी वेष्टनावर २७०० ते ३००० केल्विन (उजेडाची छटा सांगणारा आकडा) असं बघून घ्या. वासाच्या बाबतीत स्वतःच्या नाकावर अजिबात भरवसा ठेवू नका, ते घराला सरावलेलं असतं. बऱ्याच दिवसांत न आलेल्या एखाद्या स्पष्टवक्त्या मैत्रिणीला बोलवा आणि दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर काय वाटतं ते विचारा. तिने सांगितलेलं मनाला लावून घेऊ नका, आणि त्यावर सुगंधी फवारे मारू नका. वासाचं मूळ शोधा. बऱ्याचदा ते गालिचा, पडदे किंवा न्हाणीघराची मोरी यांत असतं.

राहिली किंमत. शेजारच्यांना अमुक मिळाले, आपलं त्याहून नीटनेटकं, म्हणून आपल्याला जास्त, हा तुमचा हिशेब अगदी माणसासारखा आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितले. ज्यांच्या हातात मग होते त्यांनी मागितलेली किंमत ही घेणारे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. तो मग त्यांच्याकडे काही मिनिटांपूर्वीच आला होता. तुमचं घर तुमच्याकडे १९ वर्षं आहे. बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा असाच एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला: ज्या मालकांना खरेदीच्या किमतीपेक्षा तोट्यात विकावं लागणार होतं त्यांनी मागणी चढी ठेवली आणि त्यांची घरं विकायला जास्त वेळ लागला. तुम्ही तोट्यात नसाल, पण शेजाऱ्यांचा गेल्या वसंतातला आकडा तुमच्या मनात खरेदीच्या किमतीसारखाच रुतून बसला आहे. त्या घराचं क्षेत्रफळ किती होतं, गाडीची जागा होती का, छप्पर कधी बदललं होतं, आणि ऐकीव आकडा मागणीचा की प्रत्यक्ष व्यवहाराचा, हे तुम्हाला माहीत आहे का? कर्जाचे व्याजदर तेव्हा होते तेवढेच वसंतात राहतील असंही नाही.

जानेवारीत दोन-तीन एजंटांना वेगवेगळ्या दिवशी घरी बोलवा, यजमानही घरात असतील अशा वेळी. डागाची हकिगत त्यांना सरळ सांगा. जो सगळ्यात मोठा आकडा सांगेल त्याच्याकडे मन ओढ घेईल, पण तो आकडा काम मिळवण्यासाठीही फुगवलेला असू शकतो. पुढे दोन महिन्यांनी "जरा कमी करू या" असा फोन येतो तो बहुधा त्याच एजंटाचा. त्याला विचारा, हा आकडा कशावरून? गेल्या सहा महिन्यांत या भागात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तीन घरांच्या किमती त्याने पुढे ठेवल्या, तर बसवून घेऊन पुढचं बोला. नुसतंच "सध्या मागणी जोरात आहे" म्हणाला, तर आल्याबद्दल आभार मानून दार लावून घ्या.